डोक की मरळ?

2021 च्या जुलैत पंचगंगेचं पाणी अब्बांच्या घरातून परत गेलं, तेव्हा मागे पाच मासे ठेवून गेलं. त्यातल्या दोघांची खरी ओळख पटायला आम्हाला सहा महिने लागले. तोवर एकाने दुसऱ्याला खाल्लं होतं.

त्या वर्षी बकरी ईद 21 तारखेला होती. दुसऱ्या दिवशी शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला असलेल्या आमच्या माहेरच्या घराच्या पायरीला पाणी लागलं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. 2019 ला पाणी 55 फूट 7 इंचांवर गेलं होतं, आणि असला पूर पुन्हा आयुष्यात बघायला नको असं अख्खं कोल्हापूर म्हणत होतं. दोनच वर्षांत ते 56 फूट 3 इंचांवर गेलं. कुर्बानीचं मटण वाटून व्हायच्या आत लाइट गेली. उरलेलं पातेलं, कागदपत्रांची पिशवी आणि अब्बा, एवढं घेऊन आम्ही सदर बाजारला माझ्या सासरी आलो. त्यातलं मटण आणि कागदपत्रं आणणं सोपं होतं. अब्बा निघायलाच तयार नव्हते. रमजान ईदच्या चार दिवस आधी कोरोनाने अम्मीचा इंतकाल झाला होता आणि तेव्हापासून ते त्या घरातल्या एका खुर्चीतून उठत नव्हते. बोलणं तर बंदच. हो, नाही, भूक नाही. उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर काम केलेला, दर रविवारी गळ घेऊन नदीवर जाणारा माणूस भिंतीकडे बघत बसायचा.

पाणी उतरल्यावर आठवड्याने आम्ही घर धुवायला गेलो. ज्यांनी पुराचा गाळ काढलाय त्यांना त्याचा वास सांगायला नको, आणि ज्यांनी काढला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. अंगणातली जमिनीखालची पाण्याची टाकी उपसताना माझा अकरा वर्षांचा मुलगा ओरडला, "नाना, मासे!"

बादलीत पाच निघाले. दोन चार-चार बोटं लांबीचे, तपकिरी, परांना नारिंगी काठ असलेले. दोन करंगळीएवढे, काळसर, अंगावर कडेने नारिंगी पट्टा. आणि एक रुपयाएवढा चपटा, आरपार दिसणारा काचमासा. अब्बा खुर्चीतून उठले, बादलीपाशी उकिडवे बसले, आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा सलग तीन वाक्यं बोलले.

"डोक आहेत. ही जोडी, आणि ही त्यांची दोन पोरं. अख्खं घरच वाहून आलंय."

त्या वाक्याने मी इतकी हलले की मासे खरंच कोणते आहेत हे बघायचं मला सुचलंच नाही.

डोक हा आपल्या ओढ्या-ओघळींतला मासा. भाताच्या खाचरात, विहिरीत, बांधाच्या कपारीत कुठेही सापडतो. मरळीचा धाकटा भाऊ म्हणा. डोकं सापासारखं, तोंड अंगाच्या मानाने मोठं, दात बारीक पण धारदार. वीतभर वाढतो आणि थांबतो. शास्त्रातलं नाव चन्ना गॅचुआ. 1822 मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवर पुस्तक लिहिलं, त्यात 'गॅचुआ' या नावाने त्याची नोंद केली. त्याच पुस्तकात चन्ना मरुलियसही आहे, म्हणजे आपली फुला मरळ. या मरुलियसमध्ये मला आपला 'मरळ' शब्द स्पष्ट ऐकू येतो. हे जुने साहेब मासे पकडून देणाऱ्यांना नाव विचारायचे आणि तेच लॅटिनच्या साच्यात ओतायचे. कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांवर लिहिलं तेव्हा त्यानेही आपल्याकडची नावं उचलली. आपल्या खुद्री माशाचं 'खुद्री' आजही शास्त्रीय नावात आहे. आपल्या नदीचे मासे तर पुढे रीतसर मोजलेही गेले. 1956 साली कलावार आणि केळकर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये कोल्हापूरच्या माशांवर लेख लिहिला. नावं होती, याद्या होत्या. फक्त आमच्या बादलीपाशी त्या वेळी कोणाला त्यांची गरज वाटली नाही, कारण अब्बा होते.

माळ्यावर माझ्या भावाची जुनी दोन फुटी काचेची टाकी होती. कधीतरी गोल्डफिश मेले तेव्हापासून रिकामी. मी ती धुतली, नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडवलं आणि काठोकाठ भरली. वर काच ठेवणार, तेवढ्यात अब्बांनी हात धरला. "वर चार बोटं जागा ठेव. ह्याला हवा लागते. नाहीतर पाण्यातच गुदमरून मरेल."

मला वाटलं म्हातारपणी काहीतरी बोलतायत. पण खरं आहे ते. डोक आणि मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिच्यात ते वरची हवा भरून घेतात. नुसत्या कल्ल्यांवर त्यांचं भागत नाही. दर थोड्या वेळाने तोंड वर काढून एक घोट घेतला नाही तर पाण्यातला मासा बुडून मरतो. याच्याच जोरावर ते जिथे इतर मासे टिकत नाहीत तिथे टिकतात. पंचगंगेत उन्हाळ्यात शिरोळ-तेरवाडकडे मेलेल्या माशांचा खच दिसतो ना, तसल्या घुसमटलेल्या पाण्यात वर येऊन श्वास घेणाऱ्याला निदान एक वाट असते.

काचमासा पहिल्याच रात्री गायब झाला. हाडसुद्धा नाही. त्याच्यासाठी मला फार वाईट वाटून घेता आलं नाही, कारण नंतर कळलं की काचमाशांमधली एक जात स्वतःच दुसऱ्या जिवंत माशांचे खवले उपटून खाते. इतकं पारदर्शक अंग आणि असला धंदा. पण त्या दिवसापासून टाकीत आपण काय ठेवलंय याचा अंदाज मला यायला लागला. छोटा मासा म्हणजे गरीब मासा, असं आपण धरून चालतो. शिकारी माशाला लहानमोठं कळत नाही, त्याला आपल्या तोंडाचं माप कळतं. जे तोंडात मावेल ते खाणं.

चौथ्या दिवशी सकाळी जोडीतला नर टाकीत नव्हता. आम्ही झाकणाच्या एका कोपऱ्यात फिल्टरच्या नळीसाठी तीन बोटांची फट ठेवली होती. चपलांच्या रॅकखाली तो सापडला. धूळ, केस, गाळाची वाळलेली पापडी सगळं अंगाला चिकटलेलं, लाकडासारखा कडक. मुलगा रडायला लागला. मी सुपली आणली.

"कायकू फेकती?" अब्बा म्हणाले. "जिंदा हाय वो."

त्यांनी परातीत दोन बोटं पाणी घेतलं. दोनच बोटं, म्हणजे पडल्या पडल्या त्याचं तोंड हवेला लागेल. दहा मिनिटं काही नाही. मग कल्ल्याची कड हलली. मग पुन्हा. तासाभराने तो परातीत रागाने शेपटी आपटत होता. अंग ओलं राहिलं तर हे मासे पाण्याबाहेर बराच वेळ काढतात. पावसाळ्यात एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जमिनीवरून सरपटत जातात, तेव्हा खेड्यातली माणसं त्यांना नुसत्या हाताने धरतात. अब्बांनी त्या दिवशी प्लायवुडचं झाकण कापलं, त्याला बारीक भोकं पाडली, आणि वर वजन म्हणून स्वयंपाकघरातून अम्मीचा खल आणून ठेवला. मी काही बोलले नाही. अम्मी गेल्यापासून त्या खलाला कोणी हात लावला नव्हता.

खाण्याचं कौतुक थोडक्यात सांगते, कारण या बाबतीत मी बऱ्याच चुका केल्या. पहिले तीन दिवस कोणी काही खाईना. दुकानातून गोळ्या आणल्या, त्या तळाशी जाऊन कुजल्या. मग त्याच दुकानातून स्वस्तातले गप्पी मासे आणले. ते मिनिटात संपले, पण आठवड्याने मादीच्या अंगावर कापसासारखे पांढरे ठिपके आले. असल्या स्वस्त माशांबरोबर रोगही घरात येतात हे मला तेव्हा कळलं. वेगळ्या टबात मिठाच्या पाण्याने ती वाचली. अब्बांनी एकदा माझी नजर चुकवून खिम्याचा गोळा दिला. बकऱ्याची चरबी माशाला पचत नाही, दोन दिवस सगळी पोट फुगवून तळाशी बसली. शेवटी जमलं ते अंगणातलं गांडूळ आणि बाजारातली कोळंबी. कोळंबीचा तुकडा काडीला टोचून हलवायचा, म्हणजे त्यांना तो जिवंत वाटतो. मोठ्यांना आठवड्यातून तीनदा पुरे. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. तळाला काळी वाळू, लपायला फुटक्या माठाच्या खापऱ्या, वर तरंगायला पाणवनस्पती. केंदाळ फुकट मिळतं, पण त्याच्या मुळांतून काय काय येतं ते धुऊन घ्यावं लागतं, आणि नंतर ते नाल्यात फेकायचं नाही. ही सगळी कामं अब्बा करायचे. सकाळी फजरनंतर ते टाकीसमोर बसलेले असायचे, भिंतीसमोर नाही.

सप्टेंबरच्या शेवटी पोरांपैकी एक नाहीसं झालं. झाकण जागच्या जागी, खल जागच्या जागी. दुसऱ्याचं पोट तेवढं लिंबाएवढं झालेलं.

अब्बांनी मानलं नाही. "भाऊ भावाला खात नाही. उडी मारली असेल." आम्ही रॅक हलवला, पलंग हलवला. मुलाने हळूच मला विचारलं, "आई, नाना असं का म्हणतात? मोठ्याचं पोट दिसत नाही का त्यांना?" मी त्याला गप्प केलं.

उरलेलं पोर वाढत होतं, आणि ज्या वेगाने वाढत होतं ते मला खटकायला लागलं. दिवाळीपर्यंत ते आईबापाएवढं झालं, डिसेंबरात त्यांच्यापेक्षा मोठं. नारिंगी पट्टा विरत गेला, त्या जागी कुशीवर काळे डाग आले. आणि शेपटीच्या बुडाशी, वरच्या अंगाला, एक काळा गोल ठिपका उमटला. त्याला नारिंगी कडा. डोळ्यासारखा.

मी अब्बांना म्हटलं, "हा डोक नाही."

"डोकच आहे. डोकाच्या पिल्लाला ठिपका असतोच."

आणि इथेच घोळ आहे, कारण अब्बा चूक बोलत नव्हते. डोकाच्या पिल्लाला ठिपका असतो खरा. पण तो पाठीवरच्या लांब पराच्या मागच्या टोकाला असतो आणि वय वाढलं की जातो. आमच्या माशाचा ठिपका पाठीवर नव्हता, शेपटीच्या बुडाशी होता, आणि तो पुसट व्हायच्या ऐवजी ठळक होत होता. मी दुकानात फोटो दाखवला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, ड्वार्फ स्नेकहेड. ह्याच्यापेक्षा वाढत नाही." त्याच्याकडे त्याच नावाची चिठ्ठी लावलेली टाकी होती आणि तिच्यात आमच्या पोरांसारखी नारिंगी पट्ट्याची सहा पिल्लं पोहत होती. तो मुद्दाम फसवत होता असं मला वाटत नाही. त्याने मासा पिशवीतून काढण्याएवढाच पाहिलेला. अब्बांनी तो गळाला लागण्याएवढाच पाहिलेला. मधली वाढ दोघांनीही पाहिली नव्हती.

मग मोजणी करायचं ठरलं. कोणाच्या म्हणण्यावर जायचं नाही. जानेवारीतल्या एका रविवारी तो मासा उभट काचेच्या बरणीत घेतला, मोबाईलने दहा-बारा फोटो काढले, त्यातला एक झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणला. मुलाने पेनाने एकेका खवल्यावर टिंब द्यायला सुरुवात केली. कुशीवरून शेपटीपर्यंत जाणाऱ्या रेषेत डोकाला चाळीस-पंचेचाळीस खवले असतात. साध्या मरळीला पन्नासच्या पुढे. फुला मरळीला साठ ते सत्तर. पाठीवरच्या परातल्या काड्या डोकाच्या बत्तीस ते सदतीस, फुला मरळीच्या पंचेचाळीस ते पंचावन्न. पोटाखालचे पर डोकाचे अगदी आखूड, छातीच्या परांच्या निम्मेही नाहीत. छातीच्या परांवर डोकाला गडद कमानी असतात, पंख्यावर काढलेल्या नक्षीसारख्या. आमच्या जोडीच्या परांवर त्या कमानी होत्या. ह्याच्या परांवर काही नव्हतं.

मुलाने खवले मोजताना तीनदा गडबड केली. चौथ्यांदा तो साठ म्हणाला आणि अजून शेपटी यायची होती.

"अब्बा, ही फुला मरळ आहे. मीटरभर होईल ही."

अब्बा बराच वेळ तो कागद बघत राहिले. मग म्हणाले, "मी मरळीची पिल्लं बघितलीत. हातात धरलीत. ती अशी नसतात."

"कुठे बघितलीत?"

"हैदराबादला."

ती गोष्ट मला अर्धीच माहीत होती. अम्मीला दमा होता. मी पाच-सहा वर्षांची असताना कोणीतरी सांगितलं म्हणून अब्बा तिला मृगाच्या तोंडावर हैदराबादला घेऊन गेले होते. तिथे त्या दिवशी दमेकऱ्यांना मरळीचं बोटभर जिवंत पिल्लू, तोंडात औषधाची गोळी भरून, गिळायला देतात. लाखभर माणसं जमतात. रात्रभर ते दोघं रांगेत होते. पिल्लू प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी अब्बांच्या हातात. पहाटे पाण्यात हवा भरावी म्हणून ते ती पिशवी सारखी हलवत होते. अम्मी म्हणत होती, राहू दे, मेलं तरी मला गिळायचंच आहे ना. ते नाही म्हणत होते. अम्मीने डोळे मिटून पिल्लू गिळलं आणि नंतर दिवसभर हात पोटावर ठेवून बसली, म्हणे, हलतंय. दमा काही गेला नाही. पण ती सांगताना हसायची, म्हणे, तुझ्या अब्बांनी माझ्यापेक्षा त्या माशाची जास्त काळजी घेतली.

"त्या पिल्लाला हा पट्टा नव्हता," अब्बा म्हणाले. "रातभर बघत होतो मी त्याला."

आणि हेही खरंच होतं. तिकडे कोरमेनू म्हणतात ती साधी मरळ, चन्ना स्ट्रायटा. आपल्या हातात होती फुला मरळ, चन्ना मरुलियस. मोठेपणी बाजारात दोघींना आपण मरळच म्हणतो, लहानपणी त्या एकमेकींसारख्या दिसत नाहीत. मी त्यांना दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी साध्या मरळीच्या पिल्लावर बोट ठेवलं. "हे. हेच होतं तिचं." मग दुसऱ्या फोटोकडे बघून म्हणाले, "म्हणजे हे पोर ह्या दोघांचं नव्हतंच."

त्याच आठवड्यात त्या पोराने मादीची शेपटी निम्मी फाडली.

मरळ निळ्या पिंपात गेली. दोनशे लिटरचं पिंप, वर जाळी, जाळीवर वीट. आता तिचं करायचं काय? अब्बा म्हणाले, नदीची आहे, नदीला देऊ. वरवर बघता त्यात चूक काहीच नाही. ती इथलीच, ह्याच पाण्यातून आलेली. पण तिने आमच्याकडे दुकानातले गप्पी खाल्ले होते, कुठल्या कुठल्या टाक्यांतून आलेले, आणि त्यांचा रोग आम्ही मादीच्या अंगावर बघितला होता. तो नदीत कसा सोडायचा? मी त्यांना अमेरिकेची गोष्ट सांगितली. मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावात एकाने आजारी बहिणीला सूप करून द्यायला मरळीच्याच कुळातले दोन चिनी मासे मागवले. ते येईपर्यंत बहीण बरी झाली. त्याने ते टाकीत पाळले, वाढले तेव्हा गावच्या तळ्यात सोडून दिले. 2002 मध्ये त्या तळ्यात त्यांची पिल्लावळ सापडली, सरकारला तळ्यात विष घालावं लागलं, आणि त्याच वर्षी त्या देशाने मरळकुळातल्या सगळ्या जिवंत माशांच्या आयातीवर बंदी आणली. आणि फ्लोरिडाच्या कालव्यांत 2000 साली सापडली ती तर आपल्या फुला मरळीची अगदी जवळची नातलग. तिकडे तिला शेपटीवरच्या त्याच ठिपक्यावरून नाव दिलंय. आजही ती तिथे आहे. उलट बाजूने आपल्याकडे बघा: आफ्रिकेतला मांगूर आपल्याकडे 2000 पासून बंद आहे, तरी तो विकला जातो आणि नद्यांत निघतो.

"बहीण बरी झाली, हे चांगलं झालं," अब्बा म्हणाले. गोष्टीतलं त्यांनी तेवढंच घेतलं.

मरळ खायचा विषयही निघाला. अब्बांनी आयुष्यभर मरळ खाल्ली आहे, आमच्या घरी बाळंतिणीला मरळीचं सूप ठरलेलं. आजही कोल्हापूरच्या बाजारात जिवंत मरळीला सगळ्यात चांगला भाव. त्यांनी नुसतं "कढई मोठी लागेल" म्हटलं आणि माझा मुलगा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. अब्बा पिंपापाशी जाऊन तिला म्हणाले, "तुझा वकील लई कडक आहे."

तोड निघाली ती उद्यमनगरातल्या त्यांच्या जुन्या दोस्ताकडून. पन्हाळ्याच्या अंगाला उंचावर त्याचं शेततळं आहे, प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं, ओढ्याला न जोडलेलं. त्यात चिलापी इतकी माजली होती की एकही हाताएवढी होत नव्हती, पिल्लंच पिल्लं. तिथे एक मरळ हवीच होती. एकटी असल्यामुळे तिची वीण वाढायची भीतीही नाही. आम्ही तिला पिंपात आणखी दोन महिने ठेवलं, दुकानातला एकही मासा न देता, अंगावर काही उमटतंय का बघत. मार्चच्या शेवटी अब्बा रंगाच्या रिकाम्या डब्यात तिला घेऊन, डबा मांडीवर धरून, रिक्षातून गेले. झाकणाला भोकं, आत अर्धाच डबा पाणी. पोचेपर्यंत ते डबा हलवत होते असं मुलगा सांगत होता.

मला वाटलं होतं आता ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसतील. पण जोडी होती. मादीची शेपटी भरून आली. 2022 चा पाऊस सुरू झाला आणि एका सकाळी अब्बांनी मला हाक मारली. "नर आजारी आहे. तोंड सुजलंय. कोळंबी देतो तर तोंड फिरवतो."

नराचा जबडा खालून पिशवीसारखा फुगला होता. मिठाचं पाणी तयार करायला मी उठलेही होते. मग आठवलं, आणि आम्ही टॉर्च मारून नीट बघितलं. त्याने तोंड जरा उघडलं तेव्हा आत पिवळे दाणे दिसले.

डोकाचा बाप अंडी तोंडात सांभाळतो. मादी अंडी घालते, तो ती गोळा करून घेतो आणि आठ-दहा दिवस काही खात नाही. हवा घ्यायला वर येतो तेव्हासुद्धा जपून, दाणा सांडू न देता. ज्या तोंडाने काचमासा एका रात्रीत हाडासकट संपवला असेल त्याच तोंडात. फुला मरळीचं असं नसतं. तिथे आईबाप पाण्यावर गवताचं घरटं करतात आणि पिल्लांच्या थव्याखाली पहारा देतात. म्हणजे ओळखीची ही आणखी एक खूण होती, फक्त ती मिळायला वर्ष थांबावं लागलं.

अब्बा ते दहा दिवस टाकीपासून हलले नाहीत. रात्री लाइट लावू द्यायचे नाहीत. मुलाला टाकीजवळ पळू द्यायचे नाहीत. मादीने त्याला त्रास देऊ नये म्हणून मध्ये काच घातली. माझ्या भावाचा फोन आला तर तब्येतीची चौकशी झाल्यावर त्याला म्हणाले, "दसवा दिन हाय. कुछ खाया नै अबतक." भावाला वाटलं मीच त्यांना जेवायला घालत नाही.

पिल्लं बाहेर आली तेव्हा मोजता येईनात. वर शेवाळात ती, खाली बाप. चाळीसच्या आसपास असावीत. महिनाभर मच्छरांच्या अळ्या, मग बारीक केलेलं गांडूळ. एवढी ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ओळखीत द्यायची ठरली. त्या दुकानानेही मागितली, चांगले पैसे सांगितले. अब्बांनी नाही म्हटलं नाही, पण अट घातली: चिठ्ठी माझी लागेल. प्रत्येक बरणीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. लेथवर काम करताना मापं लिहायचे तशी सरळ अक्षरं: 'डोक. वीतभर होतो. झाकण घट्ट. वर चार बोटं हवा. नदीत सोडू नये, नको असल्यास परत आणून द्यावा.' खाली आमचा फोन नंबर.

घ्यायला येणाऱ्याला ते आधी बसवतात, चहा देतात आणि नराच्या छातीच्या परांवरच्या कमानी दाखवतात. दोस्ताला महिन्यातून एकदा फोन करून मरळ केवढी झाली विचारतात. तो दरवेळी हात लांब करून दाखवतो म्हणे, फोनवर.

परवा मुलगा उरलेल्या पिल्लांपाशी बसला होता. एकदम ओरडला, "नाना, ठिपका! ह्याला काळा ठिपका आलाय!"

अब्बा चष्मा शोधत आले. खल उचलून बाजूला ठेवला, झाकण काढलं, काचेला नाक लावलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पाठीवर आहे," ते म्हणाले. "शेपटीला नाही. डोकच आहे. झाकण लाव."